घूंऽऽ, खर्रर, टक्-टक्!

रिपेअर करून आणलेली जुनी गाडी पुन्हा आवाज करायला लागली, की गॅरेजवाला म्हणतो, ‘जुनी आहे, येणारच!’ थांबा बॉस... गाडी विकण्याआधी तिच्या चाकांचं म्हणणं तरी नीट ऐकून घ्या!

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी भलतीच श्रीमंत आहे. आपल्याकडे दार करकरतं, पंखा घरघरतो, खिडकी खडखडते, पाऊस टपटपतो आणि भूक लागली की पोट गुडगुडतं. प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द! पण हाच मराठी माणूस गॅरेजमध्ये पाऊल टाकतो आणि त्याची वाचाच बसते. ‘कसला आवाज येतोय?’ या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं, ‘असा... काहीतरी विचित्रच येतोय हो.’

मग मेकॅनिक गाडी एक चक्कर फिरवून आणतो, हात पुसत म्हणतो, ‘बेअरिंग गेलंय.’ बेअरिंग बदललं जातं, बिल भरलं जातं आणि चौथ्या दिवशी सिंहगड रोडवर तोच आवाज पुन्हा हजर!

आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांकडे जुन्या गाड्या आहेत. कुणाला पहिल्याच नोकरीत सात वर्षांचा ईएमआय नकोय, कुणी सेकंडहँड घेतलीय, तर कुणाला बाबांनी नवी घेतल्यावर त्यांची जुनी मिळालीय. गाडी जुनी असली की सर्व्हिसिंग आलं, रिपेअरिंग आलं आणि रिपेअरिंगनंतर येणारे आवाजही आले. म्हणून म्हटलं, या आवाजांचा फंडा एकदा नीट समजून घ्यावा. त्यासाठी आमच्या घरच्याच गाडीची केस पुरेशी आहे.

एक सँट्रो, तीन आवाज

आमच्याकडे २००९ सालची सँट्रो आहे. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली. मग पासिंग करून, पर्यावरण कर भरून बाबांनी तिची आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून आणली. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने बाईसाहेब ठणठणीत!

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र स्पीड पन्नासच्या पुढे गेला की ती ‘घूंऽऽ’ करायला लागली. दूरवरून विमान येतंय, तसा आवाज. बाबांनी ती घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दिली. तिथे पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आणि पुढचे ब्रेक पॅड बदलले. बिल झालं ६,८०० रुपये. गाडी घरी आली तर ‘घूंऽऽ’ जिथल्या तिथे! वर दोन नवे पाहुणे. हळू चालवताना डावीकडून बारीक ‘खर्रर’ आणि सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ‘टक्-टक्, टक्-टक्’.

पुन्हा गॅरेजमध्ये नेली तर मालक म्हणाले, ‘मॅडम, सोळा वर्षांची गाडी आहे. आवाज येणारच. आता काढून टाका.’

त्याच रविवारी आई-बाबांना याच गाडीने कोल्हापूरला लग्नाला जायचं होतं. म्हणजे खंबाटकीचा घाट आणि पुढे हायवेवर ताशी ऐंशीचा वेग. ‘येणारच’ या एका शब्दावर त्यांना पाठवायची माझी तयारी नव्हती. एका मित्राने नाना पेठेतल्या एका चाचांचा पत्ता दिला. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे, बोळात एक छोटं गॅरेज. चाचांचा चाळीस वर्षांचा अनुभव आणि बोर्डवर नावापेक्षा ‘सस्पेन्शन’ हा शब्द मोठा!

‘कुठून’ नको, ‘कधी’ सांग

मी सांगायला सुरुवात केली, ‘चाचा, पुढून डावीकडून आवाज येतोय...’ त्यांनी हातानेच थांबवलं.

‘बेटा, कुठून येतो ते राहू दे. कधी येतो ते सांग.’

आणि मग प्रश्नांची सरबत्तीच. किती स्पीडला सुरू होतो? स्पीड वाढला की आवाज वाढतो की तेवढाच राहतो? ब्रेक दाबला की बदलतो का? वळताना? खड्ड्यात आदळल्यावर? डांबरी रस्त्यावर वेगळा आणि काँक्रीटवर वेगळा येतो का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, ‘याच्या आधी गाडीला हात कुठे कुठे लागला?’

हा शेवटचा प्रश्न म्हणजे खरी गुरुकिल्ली. रिपेअरच्या आधीपासून असलेला आवाज आणि रिपेअरनंतर सुरू झालेला आवाज, या दोन वेगळ्या केसेस आहेत. रिपेअरनंतर नवा आवाज आला, तर त्या कामात जे जे उघडलं, काढलं, ढिलं केलं आणि परत लावलं, तिथूनच शोध सुरू करायचा. आमचा ‘घूंऽऽ’ जुना होता. ‘खर्रर’ आणि ‘टक्-टक्’ गॅरेजमधून सोबत आले होते.

‘कुठून’ला चाचा किंमत का देत नाहीत, यालाही कारण आहे. गाडीची बॉडी म्हणजे पत्र्याचा एक मोठ्ठा डबा. एका चाकातला आवाज पत्र्यातून सगळीकडे पसरतो. त्यातून घूंऽऽसारखा खालच्या पट्टीतला आवाज नेमका कुठल्या बाजूने येतोय, हे आपल्या कानांना धड कळत नाही. उजवं चाक बोंबलत असतं आणि आपण शपथेवर सांगतो, ‘डावं!’

आधी पाना, मग चक्कर

मला वाटलं, आता चाचा टेस्ट ड्राइव्हला निघणार. पण त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि हातात पाना घेतला. पुढच्या डाव्या चाकाची कॅप काढली. सँट्रोच्या चाकाला चार नट असतात. त्यातला एक चक्क हाताने फिरला! दुसरे दोन पान्याने सहज अर्धा वेढा आत गेले.

हाच तो ‘टक्-टक्’. नट ढिले असले की चाक प्रत्येक फेऱ्यात हबवर किंचित सरकतं आणि आवाज देतं. स्पीड वाढला की तो बाकीच्या गोंगाटात हरवतो आणि आपल्याला वाटतं, ‘चला, थांबला!’ आत मात्र नटांचे बोल्ट वाकायला लागतात, रिमची भोकं लांबट होतात आणि एक दिवस बोल्ट तुटून चाक निखळू शकतं. तेही खंबाटकीत... नकोच तो विचार.

तीन आवाजांमधला सगळ्यात बारीक, सगळ्यात दुर्लक्ष करण्याजोगा वाटणारा आवाजच सगळ्यात जीवघेणा होता. म्हणून चाचांचा नियम साधा आहे : चाक काढून बसवलेल्या गाडीचा आवाज तपासताना सगळ्यात आधी नट बघायचे. त्याशिवाय चक्करही मारायची नाही.

नट ढिले होतात तरी कसे? हब आणि रिमच्या मध्ये गंज, माती किंवा रंगाचा थर अडकला, तर गाडी चालल्यावर तो दबतो आणि घट्ट वाटणारा नट सैल पडतो. कधी गाडी जॅकवर असतानाच घाईत नट आवळले जातात आणि खाली उतरवल्यावर शेवटचा आवळा द्यायचा राहून जातो. बरोबर पद्धत म्हणजे एकासमोरचा एक, असे तिरपे आवळत जायचं. चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने शेवटचं माप द्यायचं. प्रत्येक गाडीचं माप मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपास येतं. आणि ८०-१०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे.

‘मग पान्यावर उभं राहून कचकचून आवळले तर?’ मी विचारलं. चाचांनी कपाळाला हात लावला. जास्त आवळलं तर बोल्ट ताणला जातो, कमी-जास्त आवळलं तर ब्रेकची डिस्क वाकू शकते. पुढच्या वेळी पंक्चर झालं की स्टेपनी लावायला तो नट तुमच्याच्याने निघत नाही, ते वेगळंच!

चाचांनी चाक काढून बोल्ट आणि रिमची भोकं तपासली. सुदैवाने दोन्ही शाबूत होती. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला आणि चाक पुन्हा बसवायला बाजूला ठेवलं.

दोन मिनिटांचं काम

चाक निघालेलंच होतं, त्यामुळे ‘खर्रर’चाही निकाल लागला. ब्रेकच्या डिस्कमागे पातळ पत्र्याची एक थाळी असते. चिखल आणि खडे डिस्कवर उडू नयेत म्हणून. बेअरिंग काढता-बसवताना या थाळीला धक्का लागला, की ती वाकते आणि फिरणाऱ्या डिस्कला घासते. आवाज असा, की वाटावं अख्खा ब्रेकच खलास झाला! चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने थाळी जराशी मागे ढकलली, डिस्क हाताने फिरवली... चिडीचूप.

हे ओळखायची खूण? हळू चालवताना ब्रेक पेडल हलकंसं दाबून बघा. आवाज थांबला किंवा बदलला, तर बहुधा पॅड किंवा त्याच्या क्लिपची गडबड आहे. काहीच फरक पडला नाही, तर थाळीवर संशय घ्या. कधी डिस्क आणि थाळीच्या मध्ये बारीक खडा अडकतो, तोही अस्साच किंचाळतो. नवे पॅड पहिले काही दिवस थोडे चूं-चूं करतात, त्याचं टेन्शन नको. पण जुने पॅड ‘चींऽऽ’ करायला लागले तर लक्ष द्या. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते. तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे, अलार्म!

घूंऽऽचा छडा

आता उरला जुना पाहुणा. नट माप लावून आवळल्यावर आम्ही रेसकोर्सच्या बाजूला सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर निघालो. चाचा शेजारी, डोळे मिटून.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनचा की चाकाचा? स्पीड तोच ठेवून गिअर बदलला. इंजिनची लय बदलली, घूंऽऽ तसाच राहिला. सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं, तरी तसाच. म्हणजे आवाज इंजिनशी नाही, चाकाच्या फिरण्याशी बांधलेला. (चालत्या गाडीत इंजिन बंद करायचा शहाणपणा मात्र कुणी करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.) सँट्रोचं १३ इंची रिमचं चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं. आत एखादा छोटासा ओरखडा असला, तरी तो सेकंदाला कित्येकदा ठोकर देतो आणि त्या ठोकरींचाच सलग ‘घूंऽऽ’ होतो.

दुसरा प्रश्न, टायर की बेअरिंग? टायर वेडावाकडा झिजला असेल, तर तोही हुबेहूब बेअरिंगसारखा गुणगुणतो. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर एक आणि खरखरीत काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. तरी शंका राहिली, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून बघायचे. आवाजही जागा बदलून मागे गेला, तर चोर टायरच! आमचा घूंऽऽ दोन्ही रस्त्यांवर एकसारखा होता.

तिसरा प्रश्न, कुठलं चाक? इथे चाचांनी त्यांची हुकमी युक्ती काढली. पन्नासच्या आसपास, मोकळ्या रस्त्याच्या लांबलचक वळणावर कान द्यायचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या चाकांवर जातं, उजवीकडे वळते तेव्हा डाव्या. वजन पडलं की आजारी बेअरिंग जास्त ओरडतं. आम्ही डावीकडे वळलो, घूंऽऽ वाढला. उजवीकडे वळलो, जवळजवळ गप्प.

‘डावं बदललं ना?’ चाचा डोळे उघडून म्हणाले. ‘उजवं बोलतंय.’

ही युक्ती शंभर टक्के खात्रीची नाही. काही बेअरिंग उलटीही वागतात. म्हणून चाचांनी गॅरेजमध्ये येऊन पुरावा काढलाच. गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली (नुसत्या जॅकवर कधीच काम करायचं नाही!). चाक वर-खाली धरून हलवलं, किंचित खेळ जाणवला. मग एका हाताने चाक फिरवत दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि मला म्हणाले, ‘तू बघ.’ डाव्या बाजूच्या स्प्रिंगवर काहीच नाही. उजव्या बाजूला मात्र बोटांना स्पष्ट खरखर, जणू आत वाळू दळली जातेय. कानाला न सापडलेली गोष्ट बोटांना सापडली!

नवं बेअरिंगही बोंबलतं

उजवं बेअरिंग त्याच दुपारी बदललं. काम चालू असताना आणखी एक गोष्ट कळली. नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा आवाज करतं, त्यात दर वेळी कंपनीचा दोष नसतो, बसवणाऱ्याचा हातही असतो. बेअरिंगला बाहेरची आणि आतली अशा दोन कड्या असतात, मध्ये गोळ्या किंवा रोलर. नकलमध्ये बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्यायचा असतो. कुणी आतल्या कडीवर दाब दिला किंवा हातोड्याने ठोकून बसवलं, तर तो सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि कड्यांवर बारीक खळगे पडतात. झालं! नवंकोरं बेअरिंग जन्मतःच आजारी. म्हणून चाचा ते शेजारच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घेतात. हबचा दांडा घासला गेलेला असेल किंवा एक्सलचा मोठा नट मापात आवळलेला नसेल, तरीही बेअरिंग टिकत नाही.

खड्डे आणि पाणी हेही त्याचे जुने वैरी. खड्ड्यात जोरात आदळलं की तेच खळगे पडतात. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी घातली आणि सील जुनं असलं, तर पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं. आमचा घूंऽऽ पावसाळ्यानंतरच का सुरू झाला, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आणि डुप्लिकेट माल! खोकं सेम टू सेम, आतला माल भलताच. नकली बेअरिंगचा धंदा इतका फोफावलाय, की एसकेएफसारख्या कंपनीने माल असली आहे का, ते तपासायला मोबाइल ॲप काढलंय. गंमत बघा, याच कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडमध्ये साठच्या दशकापासून आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय गाड्यांच्या आवाजाचा आणि कंपनांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करते. आणि त्याच शहरात आपण ‘काहीतरी विचित्र आवाज येतोय हो’ म्हणतो!

भांडण नको, कागद हवा

शनिवारी मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले. आवाज न चढवता एवढंच विचारलं, ‘काढलेलं डावं बेअरिंग दाखवता का?’ ते कधीच भंगारात गेलं होतं. म्हणजे ते खरंच खराब होतं की चांगलं, हे आता कुणालाच कळणार नाही. पण नट ढिले होते, हे ऐकल्यावर मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी बेअरिंगची मजुरी परत केली. सगळेच असे नसतात. म्हणून कागद हवा. कुठला पार्ट, कुठल्या कंपनीचा, किती मजुरी, किती दिवसांची वॉरंटी, हे सगळं बिलावर लिहून घ्या आणि काढलेले पार्ट मागून घ्या. रिपेअरिंग ही सेवा आहे आणि सेवेतली त्रुटी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगापर्यंत जायची वेळ आलीच, तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल करायची फीही नाही.

आई-बाबा रविवारी कोल्हापूरला गेले आणि सोमवारी परत आले. वाटेत साताऱ्याला चहाला थांबले, तेव्हा बाबांनी पाना काढून आठही पुढचे नट तपासले. त्यांच्या मते लग्नापेक्षा तोच कार्यक्रम जास्त रंगला!

जुनी गाडी आवाज करणार, हे खरंच आहे. पण ‘येणारच’ हे निदान नाही, ती पळवाट आहे. सोळा वर्षांच्या गाडीतही प्रत्येक आवाजाला एक जागा, एक वेळ आणि एक कारण असतं. ते शोधायला कधी पाच रुपयेही लागत नाहीत, कधी पाच हजार लागतात. पण न शोधण्याची किंमत आधी कुणालाच सांगता येत नाही.

चौकट : गॅरेजमध्ये जाण्याआधी

घूंऽऽ, स्पीडसोबत वाढणारा : बेअरिंग किंवा टायर. रस्ता बदलला की बदलतो का, वळताना वाढतो का, ते बघा.

टक्-टक्, हळू चालवताना, चाकाच्या लयीत : लगेच थांबा आणि नट तपासा. नट ढिले असतील, तर आवळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कट-कट-कट, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना : एक्सलचा जॉइंट. रबरी बूट फाटलाय का, ग्रीस बाहेर उडालंय का, तेही बघून घ्या.

खर्रर, सतत : डिस्कमागची थाळी किंवा अडकलेला खडा. ब्रेक दाबल्यावर बदलला, तर पॅड.

धडक्-धडक्, फक्त स्पीडब्रेकरवर : लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग.

आणि हो, शेजारी बसलेल्याला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. त्यासोबत स्पीड, रस्ता आणि वळण बोलून ठेवा. मेकॅनिकला ‘विचित्र आवाज’ सांगण्यापेक्षा तो ऐकवलेला केव्हाही बरा!